एक गादा दोनदा मोजायचा नाही

वन्सं, तुझा दहावा उरकला. उरकला हाच शब्द बरोबर आहे, दुसरा कुठला वापरला तर माझी जीभ झडेल.

घाटाच्या तोंडाशीच तुझा फ्लेक्स लावला होता. त्यावर तुझा लायसन्सवरचा फोटो, तुला मुळीच न आवडणारा, आणि शेजारी निळाशार डॉल्फिन, नाकावर रंगीत चेंडू घेऊन हसणारा. सर्कशीतला! खाली लिहिलेलं, 'डॉल्फिन माशांची लाडकी ताई'. जन्मभर तू घसा कोरडा करून सांगितलंस की तो मासा नाही, तो आपल्यासारखा श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. आणि तुझ्याच फ्लेक्सवर त्याचा मासा झाला. तुझ्यापेक्षा मोठे फोटो श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे, त्यातला एक तर गॉगल घालून. मी तुझ्या दादाला म्हटलं, अहो, हे काढा. तर म्हणाले, "आता गप. पोरांनी हौसेनं लावलंय." दहाव्याची हौस! शी.

नदी तू बघितलेलीच आहेस. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी, आणि मधे जिथं पाणी दिसतं तिथं ते दिसू नये असं वाटतं. मी पदर नाकाला लावून उभी होते. लोकांना वाटलं रडतेय. रडतही होते, पण पदर वासासाठी होता. कावळा बिचारा लगेच शिवला आणि आपल्या वाटेनं गेला, त्याला तुझ्याबद्दल काही तक्रार नव्हती. पण कार्यक्रम कसा संपणार? नेते यायचे होते. मग प्रवचनकार महाराजांनी जन्म-मृत्यूचं दळण पुन्हा पहिल्यापासून घातलं.

आणि मग भाषणं. एकजण म्हणाले, "ताईंनी खोल समुद्रात जाऊन असंख्य डॉल्फिन मासे पकडले आणि शिरूर तालुक्याचं नाव सातासमुद्रापार नेलं." पकडले! जिनं आयुष्यात साधा बोंबील पकडला नाही ती. दुसऱ्यांनी तुला सागरकन्या केलं. तिसरे म्हणाले, ताईंच्या नावानं इथं नदीत बोटिंग सुरू करू. या पाण्यात! उचलली जीभ लावली टाळ्याला. तू जिवंत होतीस तेव्हा यांच्यापैकी एकानं तुला "काय करतेस गं पोरी" असं विचारलं नव्हतं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्या रांगेत तो पण होता. ज्याची ट्रॉली, तो. पांढरेशुभ्र कपडे घालून, मान खाली घालून. समुद्रानं तुझं काही वाकडं केलं नाही इतक्या वर्षांत. तू केडगावला गाडीतून उतरलीस, स्टेशनाबाहेरची आपली स्कूटी घेतलीस आणि घरी यायला निघालीस. अंधारात रस्त्यात उसाची ट्रॉली उभी, मागं दिवा नाही, लाल कापडाची चिंधीसुद्धा नाही. आणि तो माणूस दहाव्याला येऊन तुझ्या बापाच्या, आबांच्याच पायाला हात लावतो. आबांनी आशीर्वादासाठी हात उचललाही, सवयीनं.

जाऊ दे. तुझ्याशी बोलायला बसले आणि यांचाच चिखल तुडवत बसले.

वन्सं म्हटलं की तू चिडायचीस. "अगं वहिनी, आपण एका वयाच्या, मला काय वन्सं म्हणतेस म्हातारीसारखं!" मी या घरात आले तेव्हा तू कॉलेजात होतीस. चार माणसांत "अहो वन्सं", दार लोटलं की "अगं ए वैशे". सगळ्या वडगावात मला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, तू तेवढी मारायचीस, तीही आबा गावात नसताना. मी कारखान्यात नोकरीला लागायचं म्हटलं तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. तू एकटी म्हणालीस, "जाऊ दे की तिला. मी समुद्रावर गेले तर बुडाले का?" त्या एका वाक्यावर मी आज रोज सकाळी कारेगावची कंपनीची बस पकडते. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असंही वाटलं नाही, तू होतीस ना.

आणि ते गाड्याचं प्रकरण! आबांना पहिल्यांदा फोनवर सांगितलंस, "आबा, मी इथं गादे मोजतेय." कोकणातले कोळी डॉल्फिनला गादा म्हणतात हे आमच्या आबांना कुठलं माहीत? त्यांनी ऐकलं गाडे. आणि आपल्याकडं गाडा म्हटलं की एकच, बैलगाडा, शर्यतीचा. झालं! आबा पारावर जाऊन सांगून आले, "वैशू कोकणात गाडं मोजती. सरकारनं नेमलीया." लोकांना प्रश्न पडला, कोकणात इतके गाडे कवापासून पळायला लागले? वरच्या आळीचे मामा दिवाळीत घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, आमची बैलं बी एकदा बघा की. शर्यतीच्या घाटात सेकंद जरा जास्त लागत्यात." तू पोट धरून हसलीस. पण मामांना तोडलं नाहीस. गेलीस, बैल बघितलेस, त्यांच्या पाठीवरून हात फिरवलास. आणि परत जाऊन तुझ्या गाद्यांना बैलांचीच नावं ठेवलीस. सर्जा, हिऱ्या, लक्ष्या. सरकारी कागदावर त्यांचे काहीतरी नंबर होते, पण माझ्याशी बोलताना हिऱ्या आज लांब गेला, हिऱ्या आज दिसलाच नाही, असंच चालायचं.

मी तुला विचारलं होतं, की अगं, ते कायम पाण्याखाली, सगळे एकदम वर येत नाहीत, मग मोजतेस कसे? तू उठून सरळ माझा हरभऱ्याचा डबा घेतलास. एक मूठ काढलीस, त्यांना हळद चोळलीस, परत डब्यात टाकून डबा खळाखळा हलवलास. मग मला म्हणालीस, "आता तू मूठ काढ. त्यात पिवळे किती आले बघ. पिवळेच पिवळे आले तर डब्यात हरभरे थोडे. पिवळा सापडतच नसला तर हरभरे पुष्कळ." गाद्यांना हळद कोण लावणार? त्यांच्या पाठीवरच्या पंखाला जे चरे असतात, खाचा असतात, जाळ्यानं कापलेलं असतं, तीच हळद. फोटो काढायचा, ओळख ठेवायची, पुढच्या खेपेला ओळखीचे किती भेटतात ते बघायचं. मला ते पटकन कळलं. पण हलवून हलवून शेवटी डबाभर हरभरे पिवळे केलेस म्हणून मी तुला इतकी बोलले की आबा बाहेरून ओरडले, काय चाललंय. ते हरभरे संपेपर्यंत उसळ पिवळीधमक होत होती.

मग तू मला एकदा घेऊन गेलीस. आठवतं? होडी निघाली आणि माझं पोट निघालं. नांगराच्या तासासारखी सरळ रेघ धरून जायचं, वळायचं, शेजारची रेघ धरून परत यायचं, दिवसभर. मी ओकून ओकून अर्धी झाले. तुझा एक हात माझ्या पाठीवर आणि डोळे पाण्यावर. मला राग आला होता, ही बया माझ्याकडं बघतसुद्धा नाही. तेवढ्यात होडीचा तांडेल ओरडला, "ताई, गादे इले!" आणि दिसले. राखाडी पाठ, पाठीला उंचवटा, फुस्स करून श्वास. एका आईला चिकटून तिचं पिल्लू. तिच्या पंखाला दोरीनं कापलेलं, अजून लाल. आमच्याकडं लाइनवर मालाला चरा दिसला की मी बाद करते, तेच माझं काम. तुझ्याकडं चरा दिसला की तू नाव ठेवतेस. मी ओकायची थांबले. किती सुंदर होतं ते सगळं.

आणि मग ती टूरिस्टांची होडी आली. स्पीकरवर गाणं, हातात वेफर्सचे पुडे, "ए डॉल्फिन, ए डॉल्फिन" असा गलका. त्यांनी होडी सरळ त्या आई-पिल्लाच्या मधे घातली. आई एका बाजूला बुडाली, पिल्लू दुसऱ्या बाजूला. पुडे पाण्यात. एकजण मोबाइल धरून म्हणतो, "पैसा वसूल." तेव्हा तुझ्या तोंडून जी शिवी निघाली ती मी फक्त गाड्याच्या घाटात ऐकली होती. तांडेल पण दचकला. मला तू त्या क्षणी फार आवडलीस.

आपलं एक भांडण मात्र राहून गेलं. दर दिवाळीला व्हायचं. मी म्हणायचे, मोजून काय ते वाढतात का? तू म्हणायचीस, "मोजलं नाही की लोक म्हणतात पुष्कळ आहेत. आणि पुष्कळ आहेत म्हटलं की कितीही मेले तरी चालतात." मी म्हणायचे, एवढं आहे तर आपल्या दारातली नदी मोज की, तिकडं कशाला जातेस? तू एकदा शांतपणे म्हणालीस, "नदीत मोजण्यासारखं काय उरलंय, वहिनी?" मी या दिवाळीला उत्तर काढून ठेवणार होते. म्हणणार होते, उरलं नाही असं तरी मोजून कुणीतरी लिहायला नको का? आता हे कुणाला ऐकवू?

आता मुद्द्यावर येते. मला ज्याची शिसारी आली ते खरं हे आहे.

ते सर्व्हेवाले सर. खाडीच्या तोंडाशी मोठी जेट्टी व्हायची होती, तिथं किती गादे आहेत ते बघायला त्यांच्या कंपनीनं तुला एका हंगामासाठी घेतलं होतं. त्यांनी काय केलं? सकाळी या खाडीच्या तोंडाशी मोजले, दुपारी पलीकडच्या खाडीच्या तोंडाशी मोजले, आणि केली बेरीज. तू म्हणालीस, सर, हिऱ्या सकाळी इथं होता, दुपारी तिथं आहे, तो एकच आहे, पोहत गेलाय. त्यांची वाटच ती आहे, दोन खाड्यांमधून ये-जा करतात. ते तुझ्या पाहण्यातून निघालेलं, तुझ्या कामातली मोठी गोष्ट. सर म्हणाले, एवढं बारकाईनं कोण बघतंय, आकडा चांगला दिसतोय. आकडा चांगला, म्हणजे गादे पुष्कळ, म्हणजे जेट्टी झाली तर काय बिघडतंय!

तू माझ्या स्वयंपाकघरात उभी होतीस, फोन स्पीकरवर, मी भाकरी थापत होते. तू म्हणालीस, "सर, ह्याला माझं नाव लावायचं नाही. एक गादा दोनदा मोजायचा नाही." आणि फोन ठेवलास. मी म्हटलं, बाई, एवढ्यावर काम सोडलंस? तू पिठाच्या परातीकडं बघत म्हणालीस, "वहिनी, मी स्वतः दोनदा मोजलेली पोरगी आहे." आणि मग ते सांगितलंस. लहानपणी शाळा-तपासणी असली की तुम्हां पोरांना टेम्पोत घालून शेजारच्या गावच्या शाळेत नेऊन बसवायचे, तिकडचा पट भरलेला दिसावा म्हणून. तिकडं तुझं नाव वेगळं होतं. साहेबानं विचारलं तर ते सांगायचं. एकदा तू खरं नाव सांगितलंस आणि मार खाल्लास. "दोन्ही शाळांत मी होते," तू म्हणालीस, "आणि दोन्हीकडं मला कुणी शिकवत नव्हतं. दोनदा मोजलेल्याकडं कुणी एकदासुद्धा नीट बघत नाही." माझी तव्यावरची भाकरी करपली त्या दिवशी.

तेच सर दहाव्याला आले. माइक हातात घेतला. गळा दाटून आणला. म्हणाले, "वैशालीताईंनी अपार कष्टानं मोजलेल्या डॉल्फिनचा आमचा अहवाल आम्ही त्यांच्या नावानं प्रसिद्ध करतोय. मुखपृष्ठावर त्यांचंच नाव असेल. पुण्यात कार्यक्रम आहे, आबांनी यावं, शाल-श्रीफळ स्वीकारावं." तोच अहवाल. तीच बेरीज. तू जिवंतपणी नाही म्हणालीस तिथं मेल्यावर तुझं नाव चिकटवून, वर आमच्याकडून टिपं गाळून घ्यायची. कुणी शंका काढली तर म्हणायला मोकळे, बघा, जी बाई एवढी काटेकोर होती तिनंच मोजलेत. थुत् तिच्या मारी! गटाराच्या वासाला पदर लावता येतो. याला काय लावायचं?

आणि आबा हात जोडून उभे राहिले. मान हलवली. तू गेल्यापासून त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा हलला. घरी येऊन त्यांनी पांढरा सदरा इस्त्रीला दिला. जो येईल त्याला सांगायला लागले, "वैशूचं नाव छापून येनार हाय. पुस्तकावर. सायबांनी बोलावलंय." म्हाताऱ्याच्या हाताला तेवढंच लागलं होतं गं, तुझ्यातलं. ते मी कसं काढून घेऊ? आणि नाही काढलं तर तुझ्या तोंडात ती खोटी बेरीज जन्माची. तेरावा झाला तरी माझ्याच्यानं बोलवेना. मला तुझाही राग आला. कशाला स्पीकरवर बोललीस माझ्यासमोर?

तुझं नाव काढलं, वन्सं. ते आधी सांगते, तुझा जीव अडकायला नको. आकडा त्यांनी तोच ठेवलाय, जेट्टी व्हायची ती होईलच. पण त्याखाली तू नाहीस. तू आता कुठल्याच छापील कागदावर नाहीस. कसं काढलं तेवढं सांगते.

धार काढून आबा गोठ्यातून बाहेर आले, हातात चरवी. मी म्हटलं, "आबा, त्या कार्यक्रमाला जाऊ नका." मग सगळं सांगितलं. एकच बैल सकाळी आपल्या दावणीला, दुपारी दुसऱ्याच्या दावणीला बांधला आन् दोन बैल लिहिले, असं म्हटलं. जन्मभर बैलांचे व्यवहार केलेला माणूस, माझं वाक्य संपायच्या आत त्यांना कळलं.

"आन् वैशू न्हाई म्हनली व्हती?"

"न्हाई म्हनली व्हती. माझ्या चुलीपाशी उभी राहून."

"मला का न्हाई सांगितलं तिनं?"

तुम्ही कधी विचारलंत का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. आबांनी चरवी खाली ठेवली आणि म्हणाले, "मग खरं किती हायेत गं?"

तुझ्या कामाबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि मला उत्तर माहीत नव्हतं. तू मला आकडा कधी सांगितलाच नाहीस, अजून एक हंगाम होऊ दे, मग सांगते, म्हणायचीस. मी म्हटलं, "ठाऊक न्हाई, आबा. थोडे हायेत, एवढंच म्हनायची."

त्यांनी मला फोन स्पीकरवर लावायला लावला. सर गोड आवाजात म्हणाले, "आबा, गाडी पाठवतो तुम्हाला न्यायला." आबा म्हणाले, "गाडी नगं. पोरीचं नाव काढा." सर म्हणाले, छापून झालंय, हा तिचा सन्मान आहे, आणि मग समजुतीच्या सुरात, "आबा, तिचं स्वतःचं काम तर अर्धवटच राहिलं. हे सोडलं तर ताईंचं नाव कुठंच राहणार नाही बघा."

खरं होतं ते. म्हणून तर जास्त किळस आली. आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि चरवी उचलून कडेला ठेवली. मला वाटलं संपलं, आता हो म्हणणार.

मग ते माझ्या हातातल्या फोनकडं वाकून म्हणाले, "सायब, माझी पोर न्हाई म्हनली व्हती. ती मेली म्हनून न्हाईचं व्हय झालं का?"

सरांनी मुखपृष्ठ दुसरं छापलं.